सासूबाईंच्या अंगावरचे ठिपके

स्टुडिओवाल्या बाईंनी चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढले आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या चेहऱ्यावरचं काहीबाही पुसण्यात घालवली. मुरमं, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं. आधी ब्रशनं, मग कॉम्प्युटरवर. गिऱ्हाइकानं सांगायची वाट त्या बघत नसत. नवरदेवाच्या नाकावरचा फोड तसाच ठेवून फोटो हातात देणं त्यांना अर्धवट काम वाटे.

स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांना एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे नवरा. हा माणूस जन्मभर लोकांच्या नळांची गळती काढत फिरला आणि घरी येऊन पुन्हा पाण्यातच हात घालून बसला. पुढच्या खोलीत त्याची खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. क्लाउनफिश माशांची केशरी जोडी, फुलासारखा दिसणारा समुद्रफूल नावाचा एक जीव, दोन कोळंब्या आणि शंखातला एक खेकडा. जोडीतली मादी चौदा वर्षांची. टाकीत हात घातला की चावायला यायची, नराला तर सदा धाकात ठेवायची. म्हणून त्यानं तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. त्याची आई, म्हणजे बाईंची खरी सासू, हयात असती तर हे नाव ठेवायची त्याची छाती झाली नसती.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेनं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट. टीव्हीच्या पडद्याला नाक लावलं, तर थोडंफार कळे. म्हणून बाईंनी युक्ती काढली. रोज सकाळी पंप बंद करायचा, पाणी स्थिर होऊ द्यायचं, खोलीतले दिवे घालवायचे, जवळचं टिपणारी लेन्स काचेसमोर सरळ धरायची आणि एकेका जिवाचा फोटो काढायचा. मग तो टीव्हीवर. कोळंबीची मिशी झाडूच्या काडीएवढी दिसे. तो पडद्यावरून नाक फिरवत सांगे, "कोळंबीनं कात टाकली. समुद्रफूल आखडलंय, पाण्यातलं मीठ तपास." टाकी तोच चालवत होता, डोळे तेवढे बाईंचे. हे जमेनासं झालं तर टाकी कुणाला तरी देऊन टाकायची, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलं होतं. त्यानंतर तो दिवसभर काय करणार, हा विषय दोघंही काढत नसत.

"तुमच्या सासूबाईंना खाज सुटलीय वाटतं," एका सकाळी चहा ओतताना बाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले, दगडावर अंग घासतायत."

त्याचा हात कपापाशीच थांबला. "अंगावर पांढरे ठिपके आहेत? मिठाच्या कणाएवढे?"

"फोटोत कुठे होते? कालच नाही का म्हणालात, काय तुकतुकीत दिसतायत म्हणून?"

बोलता बोलताच बाईंना आठवलं. ठिपके होते. पाण्यातला कचरा समजून त्यांनी ते एकेक करून पुसले होते. तिन्ही दिवस. काल तर चांगले वीसेक.

गप्प राहिलं असतं तरी खपून गेलं असतं. त्याला काय दिसणार होतं? हा विचार मनात आला, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी उठून मूळ फोटो टीव्हीवर लावले आणि काय केलं ते सांगून टाकलं.

त्यानं पडद्यावरून नाक फिरवत एकेक ठिपका बघितला. मग आवाज न चढवता म्हणाला, "मला कमी दिसतं ते मला माहीत आहे, त्याची सवय झालीय. पण तू पुसलंस तर ते मला कळणार कसं?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या आणि रडल्या.

रडायलाही फार वेळ नव्हता. ठिपक्यांच्या या रोगावरचं औषध तांब्याचं, आणि तांबं म्हणजे कोळंबीला विष. म्हणून दोन्ही मासे काचेच्या छोट्या टाकीत हलवले. नर चौथ्या दिवशी गेला. त्याचाही फोटो नवऱ्यानं मागितला आणि बाईंनी फाटक्या परांसकट, ठिपक्यांसकट तसाच लावला. सासूबाई तळाशी पडून धापा टाकत होत्या. आता पडद्यावर सगळंच येऊ लागलं, काचेवरचे ओघळ, तरंगणारा कचरा, बोटांचे डाग. तो वैतागून म्हणे, "केवढी घाण!" पण ठिपका कुठला आणि कचरा कुठला ते बरोबर ओळखे. ठिपके कमी होत गेले. सासूबाई खायला लागल्या, मग चावायलाही.

सहाव्या आठवड्यात एकदा तो पडद्यापाशी नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला.

"अजून आहे की काय एखादा?" बाईंनी धास्तावून विचारलं.

"नाही. हे डावीकडे काय आहे?"

"मी आहे. काचेत माझं प्रतिबिंब पडलंय. थांबा, एवढं काढते."

"राहू दे. मोठं कर."

बाईंनी मोठं केलं. कपाळावर सरकवलेला चष्मा, तोंडभर सुरकुत्या. समोर बसलेल्या बायकोचं तोंड त्याला दोन वर्षांत धड दिसलं नव्हतं. माशाचं बघे तसं त्यानं ते वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं.

"केस पार पिकले की गं तुझे."

"त्याला झाली की दोन वर्षं," बाई म्हणाल्या. त्यांना ते पडद्यावर बघवेना. "आता सासूबाईंकडे बघा जरा."

"त्या बऱ्या आहेत," तो म्हणाला. "मला तुला बघू दे."