डाव्या कानाशी सांगितलेली मालिका

माझ्या वडिलांचे कान जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात गेले. वीस वर्षं ते तापलेल्या सळ्या ओढत होते आणि बाजूला सतत लोखंड लोखंडावर आपटत होतं. आधी मोबाइलची रिंग ऐकू येईना, मग मागून मारलेली हाक. शेवटी समोर बसलेला माणूसही नुसतं तोंड हलवतोय असं वाटायला लागलं, तेव्हा काम सोडून ते गावी शेतावर आले. मी त्यांना दादा म्हणते. चुलते म्हणायचे म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

त्यांच्याशी बोलताना लोक ओरडायचे. ओरडून काही उपयोग नसायचा. त्यांना नुसता गलका कळायचा आणि ओरडणाऱ्याच्या तोंडावरचा वैताग दिसायचा. उजवा कान पुरता गेला होता. डाव्या कानाशी तोंड नेऊन, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं तर मात्र बराबर समजायचं. घरात हे फक्त मला जमलं. आईला तेवढा दम निघायचा नाही. त्यामुळं घरात कोण काय म्हणालं, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले, सगळं दादांपर्यंत माझ्या तोंडून जायचं. आणि रोज संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवरची मालिकाही.

त्या वर्षी त्या मालिकेनं आमचं सगळं गाव धरून ठेवलं होतं. खेड्यातली एक पोरगी स्पर्धा परीक्षेसाठी शहरात जाते, अशी गोष्ट. मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दादांना अक्षर येत नाही, आईला येत नाही, चुलत्यांनी सातवीत शाळा सोडली. मला याचा अभिमान होता आणि आजही आहे. तो लपवायचं मला कारण दिसत नाही. दादांना मालिकेतली ती पोरगी पहिल्याच आठवड्यात आवडली. म्हणाले, "ही आपल्यासारख्याच घरची दिसती. शिकून राह्यली बिचारी."

मालिकेत दोनेक महिन्यांनी एक पोरगा आला. मोटारसायकलवर तिला मागं बसवून चालला होता.

"हा कोण?" दादांनी विचारलं.

त्याच भागात त्या पोरीनं फोनवर तिच्या बापाला सांगितलं होतं की मावसभाऊ आहे, क्लासला सोडतो. तिनं तिच्या बापाला जे सांगितलं तेच मी माझ्या बापाला सांगितलं. मला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. चुलीपुढं भाकरी थापता थापता आईनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिला टीव्ही ऐकू येत होता.

त्यानंतर मला थांबताच येईना. दोघं बागेत बसलेले दिसले की मी म्हणायची, अभ्यासाचं बोलतायत. पोरगी रडताना दिसली की पेपर अवघड गेला. मैत्रीण तिला समजावत असली की ती तिला वेळेचं महत्त्व सांगतीय. दादा मान डोलवायचे. कधी म्हणायचे, "किती रडती गं ही, एवढा अवघड असतो का पेपर?" मी म्हणायची, हो.

एकदा आईनं मला मोरीपाशी गाठलं. "काय सांगून राह्यलीस गं तू त्यांना?"

"मंग काय सांगू? ती पोरासोबत फिरती म्हणून सांगू?"

आई मोरीतली भांडी उचलायला लागली. तिलाही माहीत होतं की माझं तिसऱ्या वर्षाचं अजून ठरायचं आहे. चुलते दर आठ दिवसांनी यायचे आणि राजूरकडच्या एका स्थळाचं बोलून जायचे. पोरगी जास्त शिकली की जमवायला जड जातं, हे त्यांचं एक वाक्य ठरलेलं. आणि त्या मालिकेमुळं त्यांना रोज नवा दाखला मिळत होता.

गावात त्या मालिकेवरून दोन तट पडले होते. हापशावर बायका भांडायच्या. एकजण म्हणायची, आईबापानं पोटाला चिमटा काढून पाठवलं आणि ही असे दिवे लावती. दुसरी म्हणायची, पोरगा चांगला हाय, कमावता हाय, मंग काय वाईट? आमच्या शेजारच्या मुसलमान मावशींना, खालांना, ती पोरगी फार आवडायची. दुपारी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत त्या म्हणायच्या, "प्यारच तो करी, चोरी थोडी करी? बाप को समझना मंगता." आणि लगेच आईला म्हणायच्या, "पन अपनी पोट्टी ऐसा करी तो टांगां तोड देऊंगी मैं." मग दोघी हसायच्या. कॉलेजला जाताना जीपमध्ये आम्हा पोरींचं वेगळंच चालायचं. तिनं कधी एकदा लग्न करून टाकावं असं सगळ्यांना झालं होतं. मीही तेच म्हणायची, ते कबूल करते. जीपमध्ये मी त्या पोरीच्या बाजूची होते आणि घरी तिला नुसतीच अभ्यास करायला बसवत होते.

मग एका रात्रीच्या भागात तिनं देवळात लग्न केलं. हार, पुजारी, मंगळसूत्र, सगळं पडद्यावर स्पष्ट. दादा सरसावून बसले.

"हे काय? लगीन लागलं का तिचं?"

मी त्यांच्या कानाशी गेले. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "सपान पडलंय तिला."

दादांनी जरा वेळ पडद्याकडं पाहिलं. "मंग बरं हाय," ते म्हणाले, "मला वाटलं खरंच केलं."

रात्री आई आणि मी शेजारी झोपलो होतो. ती कुशीवर वळून म्हणाली, "उद्या फाट्यावर जातील ते." मी झोपेचं सोंग घेतलं.

फाट्यावर एक हॉटेल आहे. पत्र्याचं शेड, दोन बाकडी, चहा आणि भजी. सकाळी माणसं तिथं बसतात आणि तेव्हा रात्रीचा भाग पुन्हा उकरून निघायचा. दादाही रोज जायचे. ऐकू यायचं नाही तरी जायचे. त्यांचं स्वतःचं मत असायचं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते सांगायचे. दुसऱ्याचा एखादा शब्द कळला की मान हलवायची, हसायचं, चहा प्यायचा. कारखान्यातून आल्यापासून त्यांना माणसांत बसायला तेवढी एकच जागा उरली होती.

मी जीपची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी होते. बाकड्यावर चुलते, आणखी चारपाच जण आणि दादा. लग्नाचंच चाललं होतं. कोणी म्हणत होतं पोरीला गोळी घालायला पाहिजे. कोणी म्हणत होतं, आता झालं ना लगीन, बापानं आशीर्वाद द्यावा. दादांनी कोणाच्या तरी हातवाऱ्यावरून विषय ओळखला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "लगीन न्हाई झालं. सपान होतं ते. पोरगी अभ्यास करून राह्यली."

असं हसू फुटलं की हॉटेलवाल्याच्या हातातला चहा सांडला.

दादाही हसले. त्यांना वाटलं कोणी तरी विनोद केला.

"अहो दादा, सपान कशाचं?" चुलत्यांनी स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवून मंगळसूत्र दाखवलं, मग दोन बोटं बाकड्यावर तुरुतुरु पळवली. पुन्हा हशा. दादा मान हलवून म्हणाले, "न्हाई न्हाई. तो मावसभाऊ हाय तिचा." आता एकजण पोट धरून खाली बसला. चुलत्यांनी खिशातून मोबाइल काढला, रात्रीचा भाग लावला आणि दादांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यात लग्न झालेलं, मंगळसूत्र घातलेलं, आणि शेवटी गावातला बाप फोन हातात धरून मटकन खाली बसलेला. ते दृश्य रात्री लागलं तेव्हा मी दादांना सांगितलं होतं की त्याच्या गावात पाऊस पडला नाही, म्हणून तो असा बसलाय.

चुलते दादांच्या कानात ओरडले. उजव्या, गेलेल्या कानात. तरीही एवढं जोरात की मला रस्त्याच्या पलीकडं ऐकू आलं. "तुमची लेक तुमाला येडं बनवून राह्यली! विचारा तिला, का लपवती म्हणून! तिचंच काही असंल!"

दादांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी मान वर केली आणि मी उभी आहे तिकडं पाहिलं. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं त्यांच्या तोंडावरून.

मी पुढं जायला हवं होतं. रस्ता ओलांडून त्यांच्या डावीकडं बसून सांगायला हवं होतं की दादा, मी खोटं सांगितलं, माझं कॉलेज बंद होईल म्हणून सांगितलं. पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात जीप आली आणि मी बसले.

त्या दिवशी कॉलेजात काय शिकवलं मला आठवत नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा दादा बैलापाशी होते. आठ वाजता नेहमीच्या जागेवर येऊन बसले. मालिका सुरू झाली. मी सरकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. त्यांनी मान बाजूला घेतली. रागानं नाही. माशी बसली की माणूस मान घेतो तशी.

"राहू दे," ते म्हणाले. "दिसतंय मला."

आठ दिवसांनी चुलते आले. आता त्यांच्याकडं फक्त स्थळ नव्हतं, फाट्यावरची गोष्टही होती. त्या दिवसांत आमच्याच गल्लीतल्या एका पोरीचं कॉलेज बंद झालं होतं. चुलते हातवारे करून, ओरडून, पाऊण तास बोलले. मी आत पीठ मळत होते आणि माझे हात थांबले होते. शेवटी दादांचा आवाज आला, "ती शिकणार हाय. पुढचं वर्ष बी. चहा घे आन् जा."

एवढंच. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. खरं सांगितलं असतं तरी त्यांनी मला शिकवलं असतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. माझ्या पदवीच्या मुळाशी हा एवढा भाग अंधाराचा आहे. लोक सत्काराला बोलावतात तेव्हा मी दादांचे कष्ट सांगते. हे आजवर सांगितलेलं नाही.

त्यानंतर दादा फाट्यावर जायचे बंद झाले. सकाळचा चहा घरीच. आठ वाजता टीव्हीपुढं बसायचे, पण काय म्हणाला, कोण आहे, का रडती, काही विचारायचे नाहीत. आई मधे मधे ओरडून सांगायची, ते हात वर करून तिलाही थांबवायचे. काही महिन्यांनी मालिकेतली ती पोरगी लेकरू घेऊन बापाच्या दारात आली. त्यावरही गावात दोन मतं होती. चुलते म्हणाले, दार उघडूच नये. खालांनी पदरानं डोळे पुसले. आमच्या घरात मी, आई आणि दादा बघत होतो. पडद्यावरचा बाप दारात हात आडवा लावून उभा होता. मी तोंड मिटून बसले होते. दादा एकदम मोठ्यानं म्हणाले, "अरे घे ना तिला आत!"

बापानं दार लावलं. दादा उठून अंगणात गेले.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी जालन्याहून त्याची छापील प्रत काढून आणली. पहिला वर्ग. दादा गोठ्यात होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, कानाशी तोंड नेलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मान बाजूला घेतली नाही. मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मी, पास, झाले. पहिल्या, वर्गात." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात शेणाचा होता, मग लगेच काढून घेतला. कागद मागितला, धोतराला हात पुसून धरला, उलटसुलट पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी मी बदनापूरला आईच्या गोळ्या आणायला मेडिकलवर गेले. दुकानदार ओळखीचा.

"अभिनंदन ताई! पहिला वर्ग म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमचे वडील आल्ते की काल. निकालाचा कागद घेऊन. म्हणले, हे वाचून दाखवा. मी खुणा करून विचारलं, लेकीनं सांगितलं न्हाई का? तर म्हणले, तिनं सांगितलंय. तुम्ही फक्त बघा, तसंच लिहिलंय का."

"मग?"

"मंग काय, मी कागदावर बोट ठेवून नि खुणा करून समजावलं. पास हाय, पहिला वर्ग हाय. तीनदा विचारलं त्यांनी. पेढे आणून दिले मला, इथंच."

मी गोळ्या घेतल्या. घरी आले तर दादा ओट्यावर बसले होते. खिशातून कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला, घडी होती तशीच.

"नीट ठेव," ते म्हणाले. "बराबर हाय."