पेन्शनीतला विद्यार्थी

मी जतहून सांगलीच्या कॉलेजात शिकवायला जायचो, तेव्हा सकाळच्या एसटीत एक आजोबा रोज दिसायचे. फौजेतून निवृत्त झालेले, बूट लख्ख, मांडीवर बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक. एखादं पान आवडलं की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून दाखवायचे, मग तो झोपलेला का असेना.

एकदा भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं विचारलं, "आवं आबा, आता डिग्री घिऊन काय करणार?"

"कायबी न्हाई," ते खुशीत म्हणाले. "नोकरी करून झाली. आता नुसतं शिकायचं. लय मजा येतीया, गड्या."

त्या दिवशी वर्गात मी अभ्यासक्रम सोडून बरंच बोललो.

"सर, यातलं परीक्षेला काय आहे?" एका मुलीनं विचारलं.

"कायबी न्हाई," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागली.