गोंदणाखालची नाडी

मनगटी घड्याळाचा हिरवा उजेड कातडीखालचं रक्त शोधतो आणि ठोके मोजतो. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या दोन्ही मनगटांवर मात्र दाट गोंदण होतं. त्यात उजेड बुडायचा, आकड्याऐवजी नुसत्या रेघा यायच्या.

"मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना," ती म्हणायची, "तुझ्या यंत्राला कसा दिसेल?"

घड्याळ जरा वर सरकवलं की आकडा यायचा. परवा दुपारी पुन्हा रेघा दिसल्या. "गोंदण असेल," बायको म्हणाली. मी घड्याळ सरकवत कोपरापर्यंत नेलं. शोधणाऱ्याला कळत नाही, मध्ये काही आड आलंय की पलीकडे काही उरलंच नाही. हिरवा उजेड शोधतच राहिला.

तिचा हात हातात घ्यायचं मला सगळ्यात शेवटी सुचलं.