नाव मागे घ्यायची दुपार

आमचे हे कधी नव्हे ते म्हणतात, "पड जरा घटकाभर. अडीचला निघू." पंखा स्वतःच्या हाताने बारीक करतात, दार हळूच ओढून घेतात. लग्न झाल्यापासून या माणसाने मला दुपारी पड म्हटलेलं नाही. म्हणून मी डोळे मिटते, पण कान उघडे ठेवते.

बाहेरच्या खोलीत यांची माणसं बसलीत. नगरपरिषदेचा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा यांनीच माझा अर्ज भरला. पोस्टरवर यांचा फोटो हा एवढा मोठा, माझा पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली 'सौ. आरती शिवाजीराव जगदाळे'. आता वरून निरोप आलाय, की साखर कारखान्याच्या चेअरमनच्या सुनेला बिनविरोध निवडून द्यायचं. तेव्हा मी तीनच्या आत कचेरीत जाऊन नाव मागे घ्यायचं. मला कुणी विचारलं नाही. खरं तर अर्ज भरतानाही विचारलं नव्हतं. पण मधल्या दिवसांत मी दारोदार फिरले. बायका मला उंबऱ्यावर बसवून नळाचं, गटाराचं, दिव्याच्या खांबाचं सांगायला लागल्या आणि मला ते आवडायला लागलं. चांगलंच आवडायला लागलं.

बाहेर कपबशा वाजतात. कुणीतरी हसतं. भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने हलतं, मग भिंत हलते, आणि भिंतीच्या जागी दगडी खांबांची रांग आहे. एका खांबाला टेकून मालूमावशी उभी आहे.

मालूमावशी गेल्या माघात वारली. कोल्हापूरला कॉलेजात ती प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवायची. आम्ही पाठीमागे तिला ग्रीकमावशी म्हणायचो. लग्न केलं नाही. घरात भांडण पेटलं की "अथेन्समध्ये यावर हात वर करून मतं घेतली असती" म्हणून ती आणखी तेल ओतायची. आता तीच सुती साडी, तोच चष्मा. फक्त मावशीच्या चष्म्याची डावी काच तडकलेली होती, आणि ही धड आहे. मला तिथेच शंका येते.

"आलीस?" ती म्हणते.

"तू आलीस. मी माझ्या घरी झोपलेय."

"बरं, तसं म्हण." ती ओंजळ पुढे करते. खारवलेली काळी ऑलिव्ह आहेत. "खा."

स्वप्नात मेलेल्या माणसाच्या हातचं खाऊ नये, असं आई सांगायची. मी हात मागे घेते. मावशी हसते आणि स्वतः एक तोंडात टाकते. मी बघत राहते. आतली बी ती थुंकत नाही. आणि आल्यापासून तिने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही.

आम्ही चालतोय. ही आमचीच मंडई आहे, पण कोथिंबिरीच्या जुड्यांच्या जागी तेलाचे रांजण, आणि ओट्या-ओट्यावर पांढरी वस्त्रं गुंडाळलेले पुरुष. मासळीच्या भावावरून सुरू झालेलं त्यांचं भांडण बघता बघता लढाईवर जातं. बाई एक दिसत नाही.

"ही आपली मंडई की अथेन्सची?"

"मंडई ती मंडई. इथंच भाव ठरतो, इथंच राज्य ठरतं." मावशीला वर्गातल्यासारखा जोर चढतो. "आज टेकडीवर सभा आहे आणि ही मंडळी गप्पा छाटत बसलीत. आता बघ गंमत."

दोन शिपाई लांबच लांब दोरी ताणून धरत येतात. दोरी गेरूत बुडवलेली, ओली, लाल. त्या दोरीने ते अख्खी मंडई हाकत नेतात. ज्याच्या कपड्याला लाल लागलं तो सभा चुकवणारा, त्याला दंड. भलेभले धोतराचा सोगा सावरावा तसे कपडे गोळा करून टेकडीकडे पळतात. मलाही हसू येतं. मग दोरी आमच्यापाशी येते. शिपाई ती उचलतात, आमच्या डोक्यावरून पलीकडे नेतात आणि पुन्हा खाली धरतात. वाटेत हंडा-कळशी असावी तसं. आमच्याकडे बघतही नाहीत.

"आपल्याला का नाही?"

"बायकांना सभा नाही. म्हणून डागही नाही."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कुणी विचारलं नाही." मावशी चष्मा पुसते. "चांगल्या घरच्या बाईचं तर इथं चारचौघांत नावसुद्धा घेत नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची आई. नाव घेतात ते ती मेल्यावर."

मला तिचा राग येतो. जन्मभर ज्या गावाचे गोडवे गायली, ते हे असं? आम्ही टेकडी चढतोय. पायऱ्या मात्र कचेरीच्या आहेत, कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या. वर दवंडीवाला उभा आहे. तो घसा साफ करतो आणि खणखणीत आवाजात हाक मारतो, "कुमुद बाबूराव शेडगे!"

मी पायरीवरच थांबते. कुमुद म्हणजे मी. सासरी हे नाव जुनाट वाटलं, म्हणून लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'आरती' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही लाजले. नंतर त्याच तांदळाचा भात झाला. आई आणि मावशी गेल्यापासून मला कुमुद म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

"तू मला न्यायला आलीस," मी म्हणते. "म्हणून ऑलिव्ह. म्हणून गोड बोलणं."

"तुला कशाला नेऊ? तू आरती. मी कुमुदसाठी आलेय. हाका मारून ओ देत नाही, म्हणून ती मेली असं इथं धरून चाललेत. तिसऱ्या हाकेनंतर तिचं नाव दगडावर कोरतील."

"आणि ओ दिली तर?"

मेलेल्यांच्या हाकेला ओ देऊ नये, हे काय मला माहीत नाही? मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघते. खोटं बोलताना मावशी डोळे बारीक करायची. आता करत नाही.

"ते मला ठाऊक नाही गं," ती म्हणते. "मी नुसतं शिकवलं. वर कधी गेले नाही. कॉलेजातसुद्धा मिटींगला मागच्या खुर्चीवर बसायचे." तिचा आवाज बसतो. तिला इतकं बारीक बोलताना मी कधी ऐकलेलं नाही, आणि मला तिची फार दया येते.

दुसरी हाक येते.

"तीनच्या आत नाव मागे घ्यायचंय ना तुला?" मावशी विचारते. "मग घे की मागे. कुणी धरलंय?"

कुठलं नाव, ते सांगत नाही. शेवटपर्यंत सरळ बोलायची नाही ही बाई.

रेंगाळलेल्यांना हाकायला शिपाई आमच्या मागून वर येतात. सवयीने दोरी उचलतात. ती डोक्यावरून जाताना मी हात वर करते आणि तिला घट्ट धरते. थंडगार, खरखरीत आहे. शिपाई हिसका देतात, मी सोडत नाही. मावशी तोंडावर पदर धरून बघतेय. तिसरी हाक येते.

"ओ!"

माझ्याच ओरडण्याने मला जाग येते. पंखा फिरतोय. दारात हे उभे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "ओरडायला काय झालं? ऊठ, गाडी काढलीय." उठवायला हात पुढे करतात. मी त्यांची बाही धरून उठून बसते.

"मी येत नाही."

"अगं, असं काय करतेस, माणसं खोळंबलीत..." बोलता बोलता ते बाहीकडे बघतात. पांढऱ्या कापडावर माझी चार बोटं उमटलीत, लाल. मी तळहात उघडते. गेरू आहे, अजून ओला. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. इथं अंगण नाही, चूल नाही, गेरू आणणार कोण?

ते मोरीत जाऊन बाही नळाखाली धरतात, घासतात. डाग आणखी पसरतो.

"वहिनी, निघायचं ना?" बाहेरून कुणीतरी हाक मारतं.

मी पदर खोचते, हात न धुता बाहेरच्या खोलीत जाते. निघायचं म्हणून माणसं खुर्च्यांतून अर्धवट उठलेली आहेत.

"बसा," मी म्हणते. "मला बोलायचंय."