करवतीआधीची दाढी

अल्बनीला मुलाकडे राहायला आलो तेव्हा शेजारच्या अंगणात फरसबंदीचं काम चालू होतं. काम करणारा एकटाच होता, आडव्या बांध्याचा. सकाळी आला की आधी गाडीच्या आरशात बघून दाढी करायचा. दिवसभर सिमेंटच्या विटा कापून धूळ-चिखलाने माखणारा माणूस कामाआधी दाढी का करतो, हे मला काही केल्या कळेना. सून म्हणाली, "बाबा, सरळ विचारा ना त्याला."

एक दिवस कुंपणाशी गेलो, "किआ ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला आणि विचारलं. तो विजेच्या करवतीची वायर बोटांतून सरकवत कुठे चिरली तर नाही ना, ते बघत होता.

"दाढीचे खुंट राहिले की मास्क घट्ट बसत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "पाणी मारत कापलं तरी थोडी धूळ उडतेच, आणि ती फुफ्फुसात जाऊन बसते."

मास्क चढवून, त्यावर तळवे दाबून, श्वास ओढून त्याने दाखवलं. मग मास्क खाली करून म्हणाला, "माझे वडीलही हेच काम करायचे. फार सुंदर दाढी होती त्यांची."

रिटायर झाल्यावर हौसेने वाढवलेल्या माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघून त्याने मला घरात जायची खूण केली. मी आत येऊन खिडकीशी उभा राहिलो. तो करवतीपाशी हात बांधून माझ्याकडेच बघत होता.

मी काच सरकवून बंद केली, तेव्हा कुठे करवत सुरू झाली.