भट्टीवरच्या डोळ्याचं कुंकू

जालन्याच्या एमआयडीसीत काच कडक करायचा कारखाना होता, तिथं मी भट्टी चालवायचो. काच तापवायची, बाहेर आली की लगेच थंड हवेचा मारा करायचा, एवढंच काम. पण ताव कमी पडला तर काच हवेखाली फुटायची, जास्ती झाला तर तिला लाटा पडायच्या.

एके साली शेठनं भट्टीच्या तोंडावर, आमच्या डोक्याच्या वर, एक डोळा बसवला. काचेला न शिवता लांबूनच तो तिचा ताव सांगायचा. आकडा खाली पाटीवर लाल दिसायचा. शेठ म्हणले, "आता अंदाज बंद. आकडा बोलंल तसं करायचं." मला तर पहिल्या दिवसापासून वाटायचं, ह्यो काचेवर न्हाई, आमच्यावर बसवलाय.

दसरा झाला अन् इपरित सुरू झालं. आकडा चढंचना. हुकमाप्रमाणं आच वाढवली, तर काचा लाटा घेऊन बाहेर. आकडा म्हणतो काच थंड, काच म्हणते मी भाजले! शेठला सांगितलं, तर म्हणले, "मशीनचं काय तुझ्याशी वैर हाय? माणूसच चुकतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला मेहुणा माझ्या पाठीमागं खुर्ची टाकून बसवला. वर बजावलं, शनिवारपर्यंत सुधारलं न्हाई तर घरी बस. घरी म्हंजे शहागडला, बापाच्या दारात. जालन्यात नुकतीच खोली केल्ती, बायकोनं हौसेनं चूल मांडल्ती.

मंग मला सगळेच चोर दिसायला लागले. मशीन बसवून गेलेला पुण्याचा फिटर. दुसऱ्या पाळीचा गडी, त्याला म्हणे माझ्या जागी भाचा लावायचा होता. खुर्चीतला मेहुणा तर मला चहा पाजायला लागला. म्हणलं, हा चहा काय साधा न्हाई. घोट घोट हुंगून प्यायचो.

शनिवारी एक काच निघाली अन् दुसरी यायच्या आत स्टुलावर चढलो. म्हणलं, बघू तरी ह्याच्या डोळ्यात काय शिरलंय. बघतो तर भिंगावर वाळलेलं कुंकू, अन् त्यात अक्षतेचा तांदूळ चिकटलेला! दसऱ्याला शेठनं सगळ्या मशिनींना कुंकवाचं बोट लावल्तं. ह्याला हात उंच करून, न बघताच.

पुसायला हात गेला, पण थांबलो. एकट्यानं पुसलं असतं, तर म्हणले असते, ह्यानंच लावलं. शेठला बोलावलं. मेहुणा ओरडला, "आरं, कुंकू पुसतो का? काय अवदसा आठवली तुला?"

"मंग माझ्या बायकोनं चूल मोडून जायचं का?" म्हणलं, अन् ओल्या फडक्यानं टाकलं पुसून.

पुढची काच बाहेर आली. आकडा भसकन वर गेला. मी आच उतरवली. थोड्या वेळानं काच निघाली ती बिलकुल सपाट. शेठनं काच उजेडाकडं धरून दोन्ही बाजूनं बघितली.

मी म्हणलं, "शेठ, खरं सांगा. हे कुंकू घावलं नसतं, तर माझं ऐकलं असतं का?"

शेठ खोटं बोलले न्हाईत. "न्हाई," म्हणले. "सोमवारी बराबर टायमावर ये."

घरी येऊन बायकोला सांगितलं, काम राह्यलं. ती हसली. मला मात्र त्या एका 'न्हाई'नं रडू फुटलं.