मामांचा जादा रकाना

आमच्या मामांना आजवर एकही फॉर्म पुरलेला नाही. फॉर्म केवढाही असो, त्यांचं अक्षर शेवटी समासात चढतं, तिथून मागच्या पानावर उतरतं आणि खाली ‘कृपया मागे पाहावे’ अशी ताकीद येते. एकदा बँकेच्या अर्जात ‘पत्ता’ म्हणून त्यांनी लिहिलं होतं, ‘मुक्काम ईट, वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताला चिंच. चिंच पडली, पण लोक अजून चिंचेपाशीच म्हणतात.’ काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, नुसतं गाव लिहा. मामा शांतपणे म्हणाले, “बाई, नुसत्या गावावर मानूस घावला असता तर पोष्टमन कशाला ठिवला असता?” आणि पुरवणी मागितली.

नोकरी केली तीही गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून, म्हणजे जन्मभर रजिस्टर भरण्याची. ‘म्हैस, ताप’ एवढीच नोंद जिथं हवी तिथं मामा लिहीत, ‘म्हैस, ताप, मालकीण माहेरी गेल्यापासून वैरणीला तोंड लावत नाही.’ डॉक्टर आधी वैतागायचे आणि मग तीच ओळ वाचून औषध बदलायचे. मामा निवृत्त झाले तेव्हा समारंभात रजिस्टरांचा कोणी उल्लेखही केला नाही. मामांना ते लागलं. घरी येऊन त्यांनी शालीच्या पिशवीवर शालीचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा कुठं जरा बरं वाटलं.

कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी पुणं सोडून काही महिने ईटला मामांकडेच राहायला गेले. त्याच सुमाराला गावातल्या बायकांच्या शेळीपालन गटाला आपल्या शेळ्यांची मोबाइलवर नोंद ठेवायची होती. मी मोठ्या ऐटीत एक तक्ता करून दिला आणि भरायचं काम ओघानंच मामांकडं आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मला वाचून दाखवला. “रंग काळा. रंग काळा. रंग काळा. कान लांब. कान लांब. आगं, आपल्याकडच्या शेळ्या काळ्याच असत्यात. हिला वळख म्हनायची का हजेरी?”

मग मी निराळा डेटाबेस घेतला. त्यात आधी रकाने आखायचे नसतात. प्रत्येक शेळीचा आपला स्वतंत्र कागद. एकीच्या कागदावर चार ओळी, दुसरीच्या कागदावर चाळीस, त्याला कशाचंच वावडं नसतं. मोबाइलवर दोन चौकटी केल्या, डावीकडं बाबीचं नाव, उजवीकडं माहिती आणि खाली बटण, ‘आणखी जोडा’. मामा त्या बटणाकडं बघत राहिले.

“म्हंजी कितीबी?”

“कितीही.”

“आन् हिला हाय ती बाब तिला नसली तर?”

“चालतं, मामा.”

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “लई उशिरा काढलं गं हे,” म्हणाले.

त्यानंतर ईटमध्ये जे घडलं त्याला नोंदणी म्हणणं फार सौम्य होईल. मामा सकाळी आठाला वही-मोबाइल घेऊन निघत आणि उन्हं डोक्यावर आली की परतत. ‘स्वभाव’, ‘वैर कुणाशी’, ‘पावसात वागणूक’, ‘आवडता उकिरडा’ अशा बाबी येऊ लागल्या. शेळीच्या नोंदीत तिची आई, आईच्या नोंदीत तिची आई, असं करत ते एकदा कुणाच्या तरी आंदणात आलेल्या मूळ शेळीपर्यंत पोचले आणि तिथं नवरीचं माहेरही नोंदवून आले. शिवाय जुनी नोंद उघडून त्यात भर घालायची हे काही त्यांच्या गळी उतरेना. रोज नवीच नोंद जोडत. गटाच्या साठ शेळ्या पडद्यावर दोनशे झाल्या आणि गटाच्या अध्यक्षबाई घाबरून माझ्याकडं आल्या. मामांचं म्हणणं, “सकाळची शेळी येगळी, सांजची येगळी. तू सकाळी तरी कुठं मानसात आसतीस?”

शेवटी माझा संयम सुटला. दुबार नोंदी मी काढल्याच, पण प्रत्येक शेळीखाली ‘हाक’ नावाची एक बाब दिसली तेव्हा मला राहवेना. कोणती शेळी काय म्हटल्यावर येते, याची साठ उत्तरं. मी म्हटलं, “मामा, हे कोण वाचणार? रविवारी मी सगळ्या जादा बाबी पुसून टाकते.” मामा दोन जेवणं माझ्याशी बोलले नाहीत, आणि मामांनी न बोलणं हे घराला परवडत नाही.

शुक्रवारी गयाबाईची शेळी हरवली. गयाबाई चिंचेपलीकडं एकटी राहते. ही एक शेळी सोडली तर दिवसभर तिचं बोलणं ऐकायला दुसरं कुणी नाही. सगळं रान पालथं घातलं. शनिवारी कळलं की शेजारच्या गावच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडं एक काळी शेळी जास्तीची आहे. आम्ही तिघं गेलो. खुंट्यांना चार काळ्या शेळ्या, कानात बिल्ला एकीच्याही नाही, सगळ्या दमलेल्या, धुळकटलेल्या. रडून रडून गयाबाईला तर चारही आपल्याच वाटत होत्या. व्यापारी भला होता. म्हणाला, “वाटंत एक कळपात शिरली खरी, पन कंची ते मलाबी म्हाईत न्हाय. वळखा आन् न्या.”

मी मोबाइल उघडला. रंग काळा, कान लांब. पुढं मला वाचायला लाज वाटत होती, म्हणून मामांनीच वाचलं. “हाक: नावानं येत न्हाय. ‘चहा ठिवलाय’ म्हटलं की येते.”

गयाबाई रोज चहाचा चोथा तिला घालायची. चारचौघांत तशी हाक मारायला ती संकोचली. मामा हळूच म्हणाले, “म्हना गयाबाई, लाजू नगा.” गयाबाईनं पदर तोंडाशी धरून अगदी बारीक आवाजात म्हटलं, “ये बाय, चहा ठिवलाय.” तिसऱ्या खुंट्याची शेळी खुंट्यासकट आली.

परतताना मामा गयाबाईशी वैरणीच्या भावाचंच बोलत राहिले. मला टोमणा मारायची एवढी आयती संधी सोडून दिली, याचीच मला जास्त शरम वाटली. रविवारी मी काहीही पुसलं नाही.

पुढं कंपनीनं परत बोलावलं आणि मी पुण्याला आले. सुरुवातीला दर महिन्याला ईटला जायचं ठरवलं होतं. मग दोन महिन्यांनी, मग सणाला. परवा काही दुरुस्तीसाठी तो डेटाबेस उघडला, तर साठच्या जागी एकसष्ट नोंदी. मला वाटलं, मामांनी पुन्हा कुणाला तरी दोनदा जोडलं. उघडून बघितलं. रंग सावळा. स्वभाव हट्टी, पण चूक कळली की गप्प बसते. चष्म्याचा नंबर वाढलाय. पुण्यात असते, जेवणाचं खरं सांगत नाही. आणि शेवटी मामांची ती जादा बाब होती.

‘हाक: “चहा ठिवलाय” म्हटलं की यायची. हल्ली तपासलेलं न्हाय.’